प्रौढ बौद्धिक दिव्यांग व्यक्तीची बाजू मांडणारा स्वयंसेवक व्हायचे आहे. सुरुवात कोठून करावी?

सदाशिवपेठी

नमस्कार. मी दोन वर्षांपूर्वी बँकेतून निवृत्त झालो. माझा प्रश्न नोकरीच्या शेवटच्या वर्षातील एका प्रसंगातून आलेला आहे, म्हणून आधी तो प्रसंग सांगतो.

आमच्या शाखेत एक चाळिशीचे गृहस्थ आपल्या थोरल्या भावाबरोबर आले होते. त्यांना बौद्धिक अक्षमता होती. वडिलांच्या निधनानंतरचे कुटुंब निवृत्तिवेतन त्यांच्या नावे जमा व्हायचे होते आणि त्यासाठी भाऊ पालकत्वाचे, म्हणजे आपण त्यांचे कायदेशीर पालक असल्याचे, प्रमाणपत्र घेऊन आले होते. कागद चोख होते. स्थानिक स्तर समितीने, म्हणजे असे पालक नेमणाऱ्या जिल्ह्याच्या समितीने, दिलेले प्रमाणपत्र मान्य करावे, अशी सूचना रिझर्व्ह बँकेने २००७ मध्येच दिलेली असल्यामुळे अडण्यासारखे काही नव्हते, आणि मी अर्ध्या तासात काम संपवले. त्या अर्ध्या तासात त्या गृहस्थांनी मला तीन वेळा विचारले, "माझे पैसे कोठे आहेत?" तिन्ही वेळा मी उत्तर दिले ते भावाकडे पाहून. निघताना भाऊ "चल रे बाळ" म्हणाले आणि ते उठून गेले. नियमाच्या दृष्टीने माझे काहीही चुकले नव्हते. परंतु ज्यांचे खाते होते त्यांच्याशी मी एक वाक्यही बोललो नाही, आणि त्या वेळी मला त्यात काही वावगेही वाटले नव्हते.

निवृत्तीनंतर वाचनात आले की इंग्लंडमध्ये अशा प्रौढ व्यक्तींच्या सोबत बैठकांना बसणारी, त्यांचे म्हणणे समजून घेऊन ते डॉक्टर, बँक, सरकारी अधिकारी आणि प्रसंगी नातेवाईक यांच्यापुढे मांडणारी माणसे असतात. त्यांना तेथे 'ॲडव्होकेट' म्हणतात. आपल्याकडे हा शब्द उच्चारला की समोरचा माणूस काळा कोट शोधू लागतो, आणि मला तर वकिली करायची नाही.

असे काम आपल्याकडे स्वयंसेवक म्हणून करता येते का? त्यासाठी पालकत्व घ्यावे लागते का? आणि मला सर्वांत अवघड वाटणारी गोष्ट अशी, की ज्यांना मोजकेच बोलता येते त्यांची इच्छा बाहेरच्या माणसाने कशी ओळखावी, आणि आपण आपलेच म्हणणे त्यांच्या तोंडी घालत नाही हे कसे तपासावे? माझ्या हाताशी आठवड्यातील दोन दिवस आहेत. कागदपत्रांची सवय आहे. विशेष शिक्षणाचे कोणतेही प्रशिक्षण नाही.

कार्यशाळेतल्या बाई

आपण तिसरा प्रश्न विचारलात याचा आनंद झाला, कारण मदत करायला येणारे बहुतेक लोक पहिल्या दोन प्रश्नांवरच थांबतात. मी गेली बावीस वर्षे प्रौढांच्या कार्यशाळेत शिकवते. कागदी पिशव्या, दिवाळीचे उटणे, पणत्या रंगवणे अशी कामे आमच्याकडे चालतात.

प्रथम संबोधनाविषयी. आमच्या क्षेत्रात सगळे जण 'आमची मुले' असे म्हणतात. आमच्याकडील सर्वांत वडीलधारा 'मुलगा' छप्पन्न वर्षांचा आहे आणि त्याच्या मिशा पांढऱ्या झाल्या आहेत. मराठीत 'अरे' आणि 'अहो' यांत जे अंतर आहे, त्यात माणसाचे म्हणणे ऐकून घ्यायचे की नाही हे अर्धेअधिक ठरून जाते. बँकेतील त्या गृहस्थांना आपण 'अहो' म्हटले असते, तर उत्तरही त्यांच्याकडेच पाहून दिले असते, असे मला वाटते. मात्र याचाही नियम करू नये. मी एकदा ठरवून सर्वांना अहो-जाहो करू लागले, तेव्हा एक जण रागावून म्हणाले, "मला अरे म्हणा, मी काय साहेब आहे का?" आता मी प्रत्येकाला विचारूनच हाक मारते.

आता इच्छा ओळखण्याविषयी. आपल्या बोलण्यात प्रश्नाच्या शेवटी एक 'ना' येतो: "तुला तिथे आवडेल ना?" या 'ना'मध्ये उत्तर आधीच भरलेले असते. ज्या माणसाला आयुष्यभर 'हो' म्हटल्यावर शाबासकी आणि 'नाही' म्हटल्यावर रागावणे मिळाले आहे, तो अशा प्रश्नाला 'हो' म्हणणारच. म्हणून तोच प्रश्न काही दिवसांनी उलटा करून विचारावा: "तिथे नको वाटते का?" यालाही 'हो' आले, तर पहिल्या 'हो'वर विसंबून कोणताही निर्णय घेऊ नये. तसेच अनेकांना प्रश्नातील शेवटचा शब्द उचलून सांगण्याची सवय असते. "चहा की कॉफी?" असे विचारले की कॉफी, आणि "कॉफी की चहा?" असे विचारले की चहा. क्रम बदलून विचारले तरी उत्तर तेच आले, म्हणजे ते त्यांचे उत्तर आहे असे धरायला हरकत नाही.

पुष्कळदा शब्दांपेक्षा वस्तू, छायाचित्रे आणि प्रत्यक्ष जागा अधिक उपयोगी पडतात. 'पुढच्या महिन्यापासून तुम्ही निवासी संस्थेत राहाल' या वाक्यात पुढचा महिना, संस्था आणि राहणे अशा तीन अदृश्य गोष्टी आहेत. तेथे एक दिवस जेवायला जावे, नंतर एक रात्र राहावे आणि मग विचारावे.

एक उदाहरण देते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. पन्नाशीला आलेल्या एका बाईंची आई वारली आणि भावाने त्यांच्यासाठी निवासी संस्था पाहिली. संस्था चांगली होती, भावाचा हेतूही चांगला होता. "तिथे राहशील ना?" असे विचारल्यावर त्यांनी 'हो' म्हटले आणि सर्वांनी सुटकेचा श्वास सोडला. तेथे गेल्यावर त्यांचे जेवण तुटले. तीन आठवडे पोटाच्या तपासण्या झाल्या, औषधे झाली. घरची आठवण येत असेल म्हणून भावाला दर रविवारी बोलावणे झाले, तरी फरक पडला नाही. आमच्याकडे येणारी एक स्वयंसेविका, व्यवसायाने शिवणकाम करणारी, त्यांच्या शेजारी रोज तासभर नुसती बसत असे. तिच्या लक्षात आले की जेवणाची घंटा झाली की या बाई ताटाकडे न जाता स्वयंपाकघराच्या दाराशी जातात, आणि तेथून त्यांना हाताला धरून परत आणले जाते. वीस वर्षे त्या घरच्या पोळ्या लाटत होत्या. येथे रहिवाशांना स्वयंपाकघरात प्रवेश नव्हता. भाजण्याची भीती, म्हणून नियम. त्यांना संस्था नको नव्हती. पोळ्या दुसऱ्या कोणी कराव्यात हे त्यांना मान्य नव्हते. स्वयंसेविकेने व्यवस्थापनाशी बोलताना 'यांना घरी न्या' असा आग्रह धरला असता, तर तो तिचा स्वतःचा आग्रह ठरला असता. तिने एवढेच मागितले की सकाळी गॅसपासून दूर, टेबलावर त्यांना लाटायला बसू द्यावे. हे मान्य व्हायला पाच आठवडे आणि तीन बैठका लागल्या, आणि तिन्ही बैठकांना त्या बाई स्वतः हजर होत्या. दुसऱ्या बैठकीला त्या येताना लाटणे घेऊन आल्या होत्या.

म्हणून आपल्याला पहिला सल्ला असा, की दोन रकान्यांची वही ठेवा. डाव्या बाजूला तारीख घालून प्रत्यक्ष काय पाहिले व कोणते शब्द ऐकले ते लिहा. उजव्या बाजूला त्याचा आपण लावलेला अर्थ लिहा. उजवा रकाना दर महिन्याला वाचून काढा. आपली किती अनुमाने चुकली हे त्यात दिसते, आणि आपलेच म्हणणे त्यांच्या तोंडी घालण्याचा धोका त्यातून बराच कमी होतो. बँकेतल्या माणसाला ताळेबंद नवा नाही.

काम शोधण्यासाठी पालकांच्या संघटना आणि या क्षेत्रातील संस्था हा सर्वांत सोपा मार्ग आहे. मुंबईतील जय वकील संस्था १९४४ पासून काम करते आहे. डोंबिवलीजवळ खोणी येथे अमेय पालक संघटनेची 'घरकुल' ही निवासी संस्था आहे. पुण्याजवळ कोळवण येथे साधना व्हिलेज ही तशीच निवासी संस्था आहे. परंतु नाव मोठे आहे म्हणून लांबची संस्था निवडू नका. जेथे दर आठवड्याला न चुकता पोहोचता येईल, तीच संस्था आपली.

धाकटी बहीण

माझा थोरला भाऊ सत्तेचाळीस वर्षांचा आहे, त्याला डाऊन सिंड्रोम आहे आणि आईवडिलांच्या पश्चात मी त्याची कायदेशीर पालक आहे. त्यामुळे माझे उत्तर थोडे कडू लागले तर समजून घ्यावे.

आपल्या प्रसंगातील भावाची बाजू कोणीच मांडलेली नाही, म्हणून ती मी मांडते. तो भाऊ त्या दिवशी रजा काढून आला असेल. त्याआधी दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी जिल्हा रुग्णालयात, दिव्यांगांच्या वैश्विक ओळखपत्रासाठी संगणक केंद्रात, पालकत्वासाठी जिल्हाधिकारी कार्यालयात आणि वारसाच्या कागदांसाठी आणखी कोठे कोठे त्याने रजा काढल्या असतील. यापुढे दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला आहेच. अशा माणसाने अर्ध्या तासात काम संपल्यावर "चल रे बाळ" म्हटले, तर त्यात मला तरी थकवा आणि माया दिसते. बाजू मांडणारा माणूस घरात पाऊल ठेवतानाच घरच्यांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणार असेल, तर दार उघडणार कोण?

दुसरे, आमच्याकडे माणसे येऊन गेलेली आहेत. वाढदिवसाला केक आणतात, भावाच्या गळ्यात हात टाकून छायाचित्रे काढतात आणि पुढच्या वर्षी दुसरी माणसे येतात. भाऊ त्यातील प्रत्येकाचे नाव लक्षात ठेवतो आणि महिनोन्महिने विचारत राहतो. निदान दोन वर्षे येणार नसाल, तर येऊ नका.

हे सगळे सांगितल्यावर उलट बाजूही सांगणे भाग आहे. चार वर्षांपूर्वी एका संस्थेमार्फत महाविद्यालयात शिकणारी एक मुलगी भावासाठी येऊ लागली. भावाला कार्यशाळेत एकट्याने बसने जायचे होते. तो हे मला वर्षभर सांगत होता आणि मी 'बघू' म्हणत होते. आपल्या घरांत 'बघू' म्हणजे 'नाही', हे त्याला कळत नव्हते, किंवा कदाचित चांगलेच कळत होते. कार्यशाळेच्या वार्षिक बैठकीत ही मुलगी त्याच्या शेजारी बसली आणि त्याने तिच्या मदतीने तयार केलेला कागद पुढे ठेवला: बसचा क्रमांक, थांब्यांची चित्रे, आणि खाली त्याच्या हाताने लिहिलेले 'मी एकटा'. मी सर्वांसमोर तिच्यावर चिडले. जबाबदारी माझी, काळजी माझी, उद्या काही झाले तर धावणार मी, आणि ही वीस वर्षांची मुलगी मला शिकवणार? ती फक्त म्हणाली, "ताई, माझे मत मी सांगितलेलेच नाही. हे त्यांचे म्हणणे आहे."

त्यानंतर तीन महिने सराव झाला. आधी मी सोबत, मग मी मागच्या आसनावर, मग थांब्यावर कोणी घ्यायला. एकट्याने जाऊ लागल्यावर दुसऱ्याच महिन्यात तो चुकीच्या बसमध्ये बसला आणि तीन तास सापडला नाही. त्या तीन तासांविषयी मी येथे लिहिणार नाही. एका वाहकाने त्याच्या गळ्यातील कार्ड पाहून दूरध्वनी केला. मी प्रवास बंद केला आणि त्याने बोलणे बंद केले. शेवटी मीच त्या मुलीला पुन्हा बोलावले. आज तो दर सोमवार ते शुक्रवार बसने जातो आणि मी रोज सकाळी साडेनऊला, तो पोहोचल्याचा निरोप येईपर्यंत, कामाला हात लावत नाही. मी तिला पूर्णपणे माफ केले आहे, असे अजूनही म्हणवत नाही.

काळा कोट

प्रश्नातील 'ॲडव्होकेट' या शब्दामुळे मला येथे बोलावले गेले आहे असे समजून कायद्यापुरते लिहितो.

पालकत्वाचा मार्ग १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यातून येतो. तो आत्ममग्नता (ऑटिझम), मेंदूचा पक्षाघात (सेरेब्रल पाल्सी), बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता यांना लागू आहे. जिल्ह्याच्या स्थानिक स्तर समितीत जिल्हाधिकारी दर्जाचा अधिकारी, नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती असते. अर्ज आईवडील, नातेवाईक किंवा नोंदणीकृत संस्था करू शकते. या व्यक्तीला पालकाची गरज आहे का आणि नेमकी कशासाठी आहे, हे समितीने तपासावे असे कायदाच सांगतो. अनेक ठिकाणी हा प्रश्न न विचारताच प्रमाणपत्र दिले जाते, हा माझा अनुभव. नेमणुकीनंतर सहा महिन्यांत मालमत्तेची यादी आणि प्रत्येक आर्थिक वर्ष संपल्यावर तीन महिन्यांत हिशेब देणे पालकावर बंधनकारक आहे. धाकट्या बहिणीला हे ठाऊक असेलच, पण बहुतेक पालकांना ठाऊक नसते, आणि निवृत्त बँक अधिकाऱ्याने कुटुंबांना या हिशेबात मदत केली तर तीही मोठीच सेवा होईल.

आपण स्वतः पालक होऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. पालकाला प्रश्न विचारू शकेल असा एक माणूस त्या व्यक्तीच्या बाजूला असावा, हीच तर आपल्या कामाची गरज आहे. दोन्ही टोप्या एकाच डोक्यावर राहत नाहीत. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या तेराव्या कलमातही हेच सूत्र आहे: आधार देणाऱ्याने अवाजवी प्रभाव टाकू नये, व्यक्तीची स्वायत्तता, प्रतिष्ठा आणि खासगीपणा जपावा, आणि एखाद्या व्यवहारात आपला हितसंबंध असेल तर त्या व्यवहारापुरते बाजूला व्हावे. याच कलमानुसार दिव्यांग व्यक्तीला इतरांच्या बरोबरीने मालमत्ता बाळगण्याचा आणि आपले आर्थिक व्यवहार पाहण्याचा हक्क आहे. चौदावे कलम 'मर्यादित पालकत्व' आणते, म्हणजे ठरावीक काळासाठी, ठरावीक निर्णयापुरते, दोघांनी मिळून आणि त्या व्यक्तीच्या इच्छेनुसार घ्यायचे निर्णय. जुन्या कायद्यातील व्यापक पालकत्व आणि नव्या कायद्यातील मर्यादित पालकत्व यांचा सांधा अजून नीट जुळलेला नाही, आणि प्रत्यक्षात कार्यालये जुन्याच वाटेने चालतात.

संमतीचे महत्त्व पटवून द्यायची वेळ आली, तर सर्वोच्च न्यायालयाचा २००९ चा चंडीगढ प्रकरणातील निकाल हाताशी ठेवावा. शासकीय संस्थेत राहणाऱ्या, सौम्य बौद्धिक अक्षमता असलेल्या एका तरुणीवर अत्याचार होऊन गर्भधारणा झाली होती. उच्च न्यायालयाने गर्भपाताचा आदेश दिला होता. तिला मूल हवे होते. बौद्धिक अक्षमता आणि मानसिक आजार या गोष्टी कायद्याने वेगळ्या आहेत आणि तिच्या संमतीवाचून गर्भपात करता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ठरवले.

छळ किंवा शोषण होत असल्याची सकारण शंका असेल, तर २०१६ च्या कायद्याच्या सातव्या कलमाखाली कोणीही कार्यकारी दंडाधिकाऱ्यांना माहिती देऊ शकतो. त्यासाठी नातेवाईक असावे लागत नाही. दिव्यांग व्यक्तीला मोफत विधी साहाय्याचा हक्क १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने दिलेला आहे. आपल्याला औपचारिक ओळख हवी असेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे विधी स्वयंसेवक म्हणून प्रशिक्षण घेता येते. सरकारी कार्यालयात त्या ओळखपत्राचा उपयोग होतो, कारण तेथे पहिला प्रश्न "तुम्ही यांचे कोण?" हाच असतो.

जाता जाता मतदानाविषयी. सक्षम न्यायालयाने मनोविकल घोषित केलेले नसेल, तर बौद्धिक अक्षमता हे मतदार यादीत नाव न घालण्याचे कारण होऊ शकत नाही. मी अशी घरे पाहिली आहेत जिथे चौघांची नावे यादीत आहेत आणि पाचव्याचे नाव घालायचे कोणाच्या मनातही आलेले नाही.

लेस्टरकर

मी इंग्लंडमध्ये नऊ वर्षे असे काम स्वयंसेवक म्हणून करतो आहे, म्हणून येथील स्थितीविषयी थोडे लिहितो. आधी एक खुलासा. येथे 'लर्निंग डिसॅबिलिटी' म्हणजे आपली बौद्धिक अक्षमता. आपल्याकडे ज्याला अध्ययन अक्षमता म्हणतात, म्हणजे वाचन-लेखनातील विशिष्ट अडचण, ती वेगळी. भारतातील नातेवाईकांना मी माझे काम सांगितले की त्यांना मी शिकवण्या घेतो असे वाटते.

येथील कामाचा कणा म्हणजे २००५ चा मानसिक क्षमता कायदा. त्याची सुरुवातच अशी आहे की माणूस निर्णय घेण्यास सक्षम आहे असे गृहीत धरावे, शक्य ती सर्व मदत करून पाहिल्याशिवाय त्याला अक्षम ठरवू नये, आणि त्याने घेतलेला निर्णय शहाणपणाचा नाही एवढ्यावरून तो अक्षम ठरत नाही. यातील तिसरे तत्त्व पचवायला मला सर्वांत जास्त वेळ लागला. येथील २०१४ च्या 'केअर ॲक्ट' या कायद्याने काही प्रसंगी स्थानिक प्रशासनाने स्वतंत्र ॲडव्होकेट देणे बंधनकारक केले. ते बहुधा पगारी असतात. माझ्यासारखे स्वयंसेवक एकाच व्यक्तीबरोबर वर्षानुवर्षे राहतात. आमची पूर्वचारित्र्याची तपासणी होते, आणि ज्याच्यासाठी काम करतो त्याच्यापासून लपवून कोणाशीही काही बोलायचे नाही, असा दंडक आहे.

मात्र कायदा झाला म्हणजे काम झाले, असे कोणी समजू नये. ब्रिस्टलजवळच्या विंटरबोर्न व्ह्यू या खासगी रुग्णालयात अशाच प्रौढांचा झालेला छळ २०११ मध्ये बीबीसीच्या छुप्या चित्रीकरणातून बाहेर आला, तेव्हा मी वर सांगितलेला २००५ चा कायदा लागू होऊन चार वर्षे झाली होती. अकरा कर्मचाऱ्यांना २०१२ मध्ये शिक्षा झाली. बंद दारांआड नियमितपणे जाणारा, त्या संस्थेचा पगार न घेणारा माणूस का हवा, हे मला त्या प्रकरणाने शिकवले.

मराठी घरांविषयी एक गोष्ट. येथील एका कुटुंबातील तरुणाला फक्त मराठी कळत असे आणि दरवेळी दुभाषाचे काम आईच करत असे. प्रश्न त्याला, उत्तर आईचे. मी पहिल्यांदा त्याच्याशी थेट मराठीत बोललो, तेव्हा त्याने सर्वांत आधी आईला खोलीबाहेर जायला सांगितले. आई दुखावल्या, आणि त्यांचे दुखावणेही खरे होते. त्या दिवशी त्याने मला जे सांगितले ते त्याचे गुपित असल्यामुळे येथे लिहीत नाही. इतकेच सांगतो की त्यात आईविरुद्ध एक अक्षरही नव्हते.

सदाशिवपेठी

सर्वांचे मनापासून आभार. धाकट्या बहिणीने लिहिलेले वाचून मी त्या भावाविषयी मनात धरलेली अढी सोडली आहे. पालकत्व घ्यायचे नाही, हेही पक्के झाले. वही आणली आणि रकाने आखले.

एक शंका उरली आहे, आणि ती बँकेच्या सवयीतून आलेली आहे. समजा, त्या गृहस्थांनी मला सांगितले की खात्यातील सगळे पैसे काढून पुतण्याला मोटरसायकल घेऊन द्यायची आहे. हे म्हणणे मी जसेच्या तसे मांडायचे का? मला तर पहिल्याच क्षणी 'नको' म्हणावेसे वाटेल.

कार्यशाळेतल्या बाई

मांडायचे, पण त्याआधी त्यांना समजेल अशा रीतीने हिशेब दाखवायचा. सगळे पैसे म्हणजे किती, हे आकड्याने कळत नसेल तर वस्तूंनी दाखवा: इतक्या महिन्यांचा चहा, इतक्या वेळा बसचे तिकीट, दिवाळीचे कपडे, औषधे. आम्ही नोटांच्या आकाराचे कागद कापून टेबलावर मांडतो आणि एकेक गठ्ठा उचलून बाजूला ठेवतो. मग विचारा, आणि आठवड्याने क्रम उलटा करून पुन्हा विचारा. तेव्हाही मोटरसायकलच म्हणाले, तर तसे सांगा. आणि ही कल्पना त्यांची आहे की पुतण्याने शिकवलेली आहे, याविषयी डाव्या रकान्यात काही आले असेल, तर तेही त्यांच्या समोरच बोला. वकील साहेबांनी सांगितलेला अवाजवी प्रभाव नातेवाईकांकडूनही येतो. आपल्याला स्वतःला 'नको' वाटते, हे त्यांना सांगायला हरकत नाही, फक्त ते आपले मत म्हणून सांगा. व्यवहार थांबवायचा की नाही, हे पालकाने आणि बँकेने पाहावे. आता आपण बँकेत नाही.

मीही पुण्यातच आहे. व्यक्तिगत निरोपात पत्ता पाठवते आहे. गुरुवारी अकरा वाजता या. पहिले दोन महिने कोणाचीही बाजू मांडायची नाही, फक्त टेबलावर बसून पिशव्या चिकटवायच्या. खळ हाताला लागते, तेव्हा जुना शर्ट घालून या.